नोबेलचे नाव आणि अर्धे सत्य

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू आणि राजकारणी नवज्योतसिंग सिद्धू यांनी अमृतसरला पत्रकार परिषद घेतली. पत्नीच्या चौथ्या टप्प्यातील कर्करोगावर आहाराने मात केली, असे त्यांनी सांगितले. साखर बंद, दूध बंद. लिंबूपाणी, हळद, कडुनिंब. दोनच दिवसांत मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी पत्रक काढून लोकांना बजावले : याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका. पुढे सिद्धू यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हे केल्याचा खुलासा केला. रुग्णावर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती. ती गोष्ट आहाराच्या गाजावाजात मागे पडली.

वाद विझला, पण मोबाईलवरचे निरोप थांबले नाहीत. ‘कर्करोगाचे मूळ एका जर्मन शास्त्रज्ञाने शोधले, त्याला नोबेल मिळाले, साखर तोडली की रोग उपाशी मरतो, डॉक्टर हे लपवतात’, असा मजकूर वस्त्यावस्त्यांतून फिरतो. हा शास्त्रज्ञ कोण आणि त्याने खरोखर काय सांगितले, हे आपण पाहिले पाहिजे.

त्याचे नाव ओटो वॉरबर्ग. आपल्या पेशीत मायटोकाँड्रिया म्हणजेच तंतुकणिका असतात. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हणतो. ऑक्सिजनच्या साहाय्याने त्या ग्लुकोजमधून पुरेपूर ऊर्जा काढतात. १९२० च्या दशकात वॉरबर्ग यांना दिसले की, गाठीतील पेशी ऑक्सिजन भरपूर असतानाही ग्लुकोज अर्धवट वापरतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. हे निरीक्षण शंभर टक्के खरे आहे. आजची पेट तपासणी ग्लुकोजच्या याच हावरेपणावर चालते.

मग खोटे काय? पहिली गोष्ट, १९३१ चे नोबेल कर्करोगाचे कारण शोधल्याबद्दल नव्हतेच. ते पेशींच्या श्वसनातील विकराच्या संशोधनासाठी होते. दुसरी गोष्ट, तंतुकणिकांचे श्वसन कायमचे बिघडते म्हणूनच कर्करोग होतो, असा निष्कर्ष वॉरबर्ग यांनी १९५६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ठामपणे मांडला. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात सिडनी वाइनहाउस यांनी त्याला उत्तर दिले. अनेक कर्करोग पेशींचे श्वसन शाबूत असते, हे त्यांनी दाखवले. नोबेलविजेत्याचे म्हणणेही पुराव्याच्या पायरीवर उभे राहावे लागते. विज्ञानात गादी चालत नाही.

याच वॉरबर्ग यांचे शिष्य हान्स क्रेब्ज. ते ज्यू होते, म्हणून १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना फ्रायबर्ग येथील नोकरीतून काढले. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणारी व्यवस्था काय गमावते, ते पाहा. क्रेब्ज इंग्लंडला गेले, तंतुकणिकांतील ऊर्जाचक्र उलगडले आणि १९५३ मध्ये नोबेलचे मानकरी झाले. वॉरबर्ग यांचे वडीलही ज्यू वंशाचे. पण त्यांच्या संशोधनाची सत्तेला गरज होती, म्हणून ते बर्लिनमध्ये टिकले. उपयोग असेल तर वंश विसरायचा, नसेल तर हाकलायचे! हा न्याय आपल्याला अनोळखी नाही.

क्रेब्ज चक्रानेच पुढे वॉरबर्ग यांच्या विचारातील सत्याचा अंश दाखवला. या चक्रातील दोन विकरांच्या जनुकांत बिघाड झाला तर काही दुर्मीळ आनुवंशिक गाठी होतात, हे २००० आणि २००२ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे तंतुकणिकांचा बिघाड काही कर्करोगांचे कारण आहे, सर्वांचे नाही. संशोधन सुरू आहे, पण त्याला अपयशही येते. तंतुकणिकांवर परिणाम करणारे मधुमेहाचे मेटफॉर्मिन हे औषध स्तनाच्या कर्करोगात उपयोगी पडेल अशी आशा होती. साडेतीन हजारांहून अधिक महिलांवर चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला : मधुमेह नसलेल्या रुग्णांत रोग परतणे त्याने टळले नाही. संशोधकांनी हा नकार जाहीरपणे छापला. मोबाईलवरचे वैद्य आपले अपयश कधी छापतात काय?

आणि साखर सोडली तरी रक्तातले ग्लुकोज संपत नाही. यकृत ते तयार करतच राहते. रोग उपाशी मरत नाही, आधीच खंगलेला रुग्ण मात्र आणखी खंगतो.

आमचा राग सिद्धू यांच्यावर नाही. प्रश्न असा आहे की, चूक झाली तर किंमत कोण मोजतो? श्रीमंत माणूस लिंबूपाणी घेतो आणि सोबत शस्त्रक्रियाही करून घेतो. परळच्या फुटपाथवर पथारी टाकून तपासणीच्या तारखेची वाट पाहणाऱ्या आपल्या माणसाने उपचार सोडले, तर त्याला परतीची वाट नाही. पहिल्या टप्प्यातली गाठ सहा महिन्यांत कुठल्या कुठे जाऊ शकते.

म्हणून निरोप पुढे ढकलण्याआधी विचारा : पुरावा कुठे आहे, किती रुग्णांवर, कोणी तपासला? गाठ असेल, जखम भरत नसेल, अवेळी रक्तस्राव होत असेल, तर आधी सरकारी रुग्णालय गाठा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, तो हक्काने मागा. आणि मुंबईची वारी करावी लागू नये म्हणून जिल्ह्याजिल्ह्यात उपचारकेंद्र हवे, हीही मागणी लावून धरा. लिंबूपाण्याच्या निरोपापेक्षा ही मागणी अधिक जीव वाचवील.