निकालाच्या दिवशी बोट ‘शेअर’वर का जाते?

‘नीट’चा निकाल लागून अर्धा तास होत नाही तोच मुलीचे गुणपत्रक आईच्या फोनवरून मामाच्या फोनवर पोहोचलेले असते. मामा ते भावकीच्या ग्रुपवर टाकतो, तिथून ते गावाच्या ग्रुपवर जाते आणि चहा होईपर्यंत उदगीर, मुखेड, पुण्याहून अभिनंदनाचे निरोप येऊ लागतात. संध्याकाळी क्लासकडून तयार पोस्टर येते. त्यावर मुलीचा हसरा फोटो, ठळक अक्षरांत गुण, खाली क्लासचे नाव आणि नव्या बॅचची तारीख. आई-वडील, मामा, मावशी, शेजारी असे सगळे ते पोस्टर स्टेटसला ठेवतात. दुसऱ्या दिवशी तोच फोटो चौकातल्या फ्लेक्सवर झळकतो.

त्याच संध्याकाळी, त्याच हॉस्टेलच्या शेजारच्या खोलीत एक मुलगा फोन बंद करून बसलेला असतो. त्याचे गुण फार वाईट नसतात, पण स्टेटसला ठेवण्याइतके नसतात.

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगर, आनंदनगर भागात ज्यांनी निकालाचा एखादा हंगाम काढला आहे, त्यांना ही दोन्ही दृश्ये ओळखीची वाटतील. पहिल्या खोलीतला आनंद खरा असतो आणि तो साजरा व्हायलाच हवा. प्रश्न आहे तो हा आनंद काही तासांत जाहिरात कसा होतो आणि ती जाहिरात दुसऱ्या खोलीत काय करते याचा. त्याचे उत्तर काही अंशी आपल्या मेंदूत आहे आणि काही अंशी बाजारात.

गुणवंतांचे कौतुक लातूरला नवे नाही. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि त्याचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या नावाशी जोडलेला ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर पोहोचला तो बोर्डाच्या गुणवत्ता यादीतून. वर्षातून एकदा यादी लागायची, वर्तमानपत्रात फोटो यायचे, पेढे वाटले जायचे आणि आठवड्याभरात सगळे शांत व्हायचे. यादी बोर्डाची असल्याने कोण कितवा यावर वाद नसे. पुढे विद्यार्थ्यांमधली जीवघेणी स्पर्धा कमी व्हावी म्हणून राज्य मंडळाने ही यादीच बंद केली. गंमत अशी की ती यादी आज दुसऱ्या दाराने परत आली आहे. आता ती प्रत्येक क्लास आपापली काढतो, तिची शहानिशा कोणी करत नाही आणि ती घरोघरी पोहोचवण्याचे काम आपण सगळे मिळून करतो.

जाहिरातीच्या दृष्टीने पाहिले तर हा बदल मोठा आहे. पूर्वी क्लासला भिंती रंगवाव्या लागत, वर्तमानपत्रात जागा विकत घ्यावी लागे. आता पोस्टर एकदा तयार केले की ते वाहून नेणारे पालक, नातेवाईक आणि माजी विद्यार्थी असतात. अनोळखी जाहिरातीवर माणूस शंका घेतो, पण मावशीच्या स्टेटसवर घेत नाही. त्यात भर म्हणून बक्षिसे असतात. ‘मित्राला प्रवेशासाठी घेऊन या, फीमध्ये सवलत मिळवा’, ‘शिष्यवृत्ती परीक्षा द्या’, ‘रील शेअर करा, तिघांना टॅग करा आणि जिंका’ ही भाषा साडीच्या दुकानापासून मोबाइलच्या शोरूमपर्यंत आणि तिथून क्लासपर्यंत सगळीकडे सारखीच झाली आहे. मात्र फीमधली सवलत हे यातले खरे बक्षीस नव्हे. खरे बक्षीस फुकट मिळते आणि ते म्हणजे लाइक, अभिनंदनाचा निरोप, ‘तुमचे स्टेटस किती जणांनी पाहिले’ हा आकडा.

हे बक्षीस मेंदूत कसे काम करते, यावर बरेच संशोधन झाले आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी १९९०च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की डोपामिन सोडणाऱ्या मज्जापेशी जोरात सक्रिय होतात, हे त्यांना दिसले. रस मिळण्याआधी ठरावीक खूण दाखवली आणि माकडाला ती कळू लागली, की पेशी रसाऐवजी त्या खुणेलाच प्रतिसाद देतात. अपेक्षित रस मिळाला नाही तर त्यांची हालचाल मंदावते. म्हणून डोपामिनला नुसते ‘आनंदाचे रसायन’ म्हणणे अपुरे आहे. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मेंदूला शिकवण्याचे काम ते करते. फोनची ‘टिंग’ ही आपल्यासाठी तशीच खूण झाली आहे. आणि दर वेळी किती लाइक येतील हे ठाऊक नसल्याने आपण पुन्हा पुन्हा पाहतो. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतली कबुतरेही, दाणा कधी पडेल याचा नेम नसला की, चोच मारणे सहसा सोडत नसत.

सोशल मीडियावर थेट झालेले अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतात. ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या ब्योर्न लिंडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये चार हजारांहून अधिक लोकांच्या दहा लाखांवर पोस्ट तपासल्या. लाइकचा ओघ वाढला की माणसे पुढची पोस्ट लवकर टाकतात, ओघ आटला की अंतर वाढते, असे त्यांना आढळले. अन्न मिळवण्यासाठी खटका दाबणाऱ्या प्राण्यांच्या वागण्याशी हे जुळणारे होते. त्याआधी २०१६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ३२ किशोरवयीन मुलांच्या मेंदूचे स्कॅन घेतले गेले. आपल्या फोटोला भरपूर लाइक दिसले की त्यांच्या मेंदूतला बक्षिसाशी संबंधित भाग अधिक सक्रिय होत होता. शिवाय ज्या फोटोला आधीच जास्त लाइक आहेत, त्यालाच ही मुले जास्त लाइक देत होती. चौकात गर्दी दिसली की आपण थांबतो, तसेच हे.

तिसरा अभ्यास आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचा आहे. गिझेम जेलान, इयान अँडरसन आणि वेंडी वुड यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले, की शेअर करण्याची सवय सर्वाधिक असलेल्या १५ टक्के लोकांनीच पसरवलेल्या खोट्या बातम्यांपैकी ३७ टक्के बातम्या पुढे पाठवल्या होत्या. ही माणसे काही लबाड नव्हती. समोर आलेले पुढे ढकलण्याची त्यांच्या बोटांना सवय लागली होती आणि खरे-खोटे पाहण्यासाठी लागणारा क्षणभराचा विराम त्या सवयीत उरलाच नव्हता. बक्षीस खरेपणाला दिले, तेव्हा मात्र लोक खरी माहिती अधिक शेअर करू लागले. म्हणजे माणसाचा स्वभाव बिघडलेला नाही. त्याला बक्षीस कशाचे मिळते, यावर बरेच अवलंबून आहे.

आता हे सगळे निकालाच्या दिवसाला लावून पाहू. शेअर करणाऱ्याला बक्षीस लगेच मिळते. त्याची किंमत मात्र नंतर आणि बहुतेक वेळा दुसराच कोणी मोजतो. पोस्टर पाहून अहमदपूरचा किंवा कंधारचा एखादा बाप जमिनीचा तुकडा गहाण ठेवून मुलाला क्लासला पाठवायचे ठरवतो. त्याच्यासमोर शंभर हसरे चेहरे असतात. त्या क्लासला एकूण किती मुले बसली होती, हा आकडा पोस्टरवर नसतो. शंभर यशस्वी मुले दोनशेतली असतील तर एक अर्थ होतो आणि पाच हजारांतली असतील तर अगदी वेगळा. एखाद्या औषधाने बरे झालेल्यांचेच फोटो छापले आणि ते औषध किती जणांनी घेतले हे लपवले, तर आपण त्या औषधावर विश्वास ठेवू का?

‘आमचे इतके विद्यार्थी नीट पात्र’ हा आकडाही जपून वाचायला हवा. २०२५ मध्ये देशभरात २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ही परीक्षा दिली आणि १२ लाख ३६ हजारांहून अधिक पात्र ठरले. खुल्या गटासाठी पात्रतेची रेषा होती ७२० पैकी १४४ गुण, म्हणजे २० टक्के. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास. याचा अर्थ, पात्र ठरलेल्या दहा जणांमागे साधारण एकालाच एमबीबीएसची जागा मिळू शकते, तीही सरकारी आणि खासगी दोन्ही धरून. ‘पात्र’ आणि ‘प्रवेश’ या दोन शब्दांमध्ये असे मोठे अंतर आहे आणि पोस्टर नेमके तेच झाकते.

दुसरी किंमत मुले मोजतात. माणूस स्वतःची पारख शेजाऱ्याशी तुलना करून करतो, हे लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडले होते. पूर्वी ही तुलना वर्गातल्या चाळीस जणांशी होई आणि त्यांत हुशार, मध्यम, कच्चे सगळे असत. आज ती फक्त निवडलेल्या चेहऱ्यांशी होते आणि ती उशाशी ठेवलेल्या फोनवर रात्रीही चालू राहते. इथे एक सावधगिरी हवी. मुलांच्या प्रत्येक त्रासाचे खापर मोबाइलवर फोडणे शास्त्राला धरून नाही. मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासांत स्क्रीनचा वापर आणि मनःस्वास्थ्य यांचा सरासरी संबंध फारसा ठळक दिसलेला नाही. पण सरासरी ही सरासरीच असते. घरापासून दूर, मेसच्या डब्यावर, दुसऱ्यांदा परीक्षा देणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलासाठी निकालाचा आठवडा हा सरासरी आठवडा नसतो.

नियम नाहीत असेही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. विद्यार्थ्याचे नाव, फोटो किंवा अभिप्राय वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी आणि ती यश मिळाल्यानंतर घेतलेली हवी. प्रवेशाच्या वेळी अर्जाच्या गठ्ठ्यात घेतलेली सही चालत नाही. विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम घेतला होता, किती काळाचा आणि फी भरून की नाही, हेही सांगणे आवश्यक आहे. एकच चेहरा दोन-तीन क्लासच्या फ्लेक्सवर का दिसतो, याचे उत्तर बहुधा इथेच मिळते. कोणी दोन वर्षे शिकलेला असतो, तर कोणी फक्त टेस्ट सिरीज दिलेली असते. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत निर्देश देताना गुणांवरून तुकड्या पाडणे आणि चारचौघांत अपमान करणे टाळावे, तसेच शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी समुपदेशक नेमावा, असे सांगितले. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पण स्टेटसवर नियम लागत नाही. तिथे उपयोगी पडतो तो छोटासा अडथळा आणि त्याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या काळात देशात अशा घटना घडत होत्या आणि अफवा मुख्यतः व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. २०२० मध्ये वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याचे बंधन आले आणि असे संदेश पुढे पाठवण्याचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीनेच सांगितले. लोकांना कोणी प्रवचन दिले नव्हते. बोट आणि बटण यांच्यात थोडे अंतर पडले, एवढेच.

तसेच अंतर घरातही पाडता येते. निकालाच्या दिवशी आनंद घरात आणि फोनवर बोलून साजरा करावा, स्टेटस मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवावे. रात्र उलटली की बातमी तीच राहते, फक्त बोटाची घाई ओसरते. मुलाचे गुण टाकण्याआधी त्यालाच विचारावे. गुण त्याचे आहेत आणि अठरा वर्षांच्या मुलाला नकार देण्याचा हक्क आहे. क्लासचे पोस्टर पुढे पाठवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा, ‘एकूण किती मुलांपैकी?’ उत्तर पोस्टरवर नसेल तर ते पोस्टर आपल्याजवळच राहू द्यावे. प्रवेश घेताना हाच प्रश्न क्लासच्या टेबलावर विचारावा आणि उत्तर लेखी मागावे.

आणि ज्या घरात स्टेटस ठेवण्यासारखे काही नाही, तिथे त्या दिवशी ‘किती पडले?’ विचारणारे फोन आई-वडिलांनी स्वतः घ्यावेत. मुलाला जेवायला बसवावे, शेजारी बसावे, पुढच्या वर्षाचे नियोजन आठवडाभर बाजूला ठेवावे. झोप उडाली, जेवण सुटले, ‘माझा काही उपयोग नाही’ अशी भाषा ऐकू आली, तर थांबू नये. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि त्यावर विनामूल्य बोलता येते. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे काम शेजारच्या खोलीतल्या मित्रालाही करता येईल. पोस्टरवर ज्याचा फोटो आला आहे, त्याने त्या संध्याकाळी फोन खिशात ठेवून बंद दारावर टकटक केली, तरी पुष्कळ झाले.