टॅब कळ आणि ऱ्हस्व वेलांटी

१/ कमांड-लाइनवर नावाचा आरंभ लिहून टॅब कळ दाबली की उरलेले नाव संगणक पूर्ण करतो. ही सोय १९७० च्या दशकात ‘टेनेक्स’ या अमेरिकी प्रणालीत रूढ झाली आणि पुढे युनिक्समध्ये आली. हा इतिहास खरा आहे; मराठीपुरता मात्र तो अपुरा आहे.

२/ या पूर्तीचा नियम साधा आहे: लिहिलेला आरंभ साठवलेल्या नावाच्या आरंभाशी जुळला पाहिजे. आता ‘किल्ला’ हा शब्द पाहा. डोळ्यांना आधी वेलांटी दिसते, मग ‘क’. देवनागरी टंकलेखन यंत्रावर वेलांटी आधीच उमटवावी लागे; यंत्राला कागदावरची जागा कळे, उच्चार नव्हे. संगणकानेही तोच क्रम साठवला असता, तर ‘क’ लिहून टॅब दाबणाऱ्यास ‘कीर्तन’ सापडले असते, ‘किल्ला’ नव्हे.

३/ तसे घडले नाही. १९८६ च्या इनस्क्रिप्ट कळफलकावर आधी व्यंजन, मग स्वरचिन्ह, असा उच्चाराचा क्रम आला. ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीने साठवणीतही तोच क्रम पाळला. १९९१ मध्ये ती भारतीय मानक ठरली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले ‘जिस्ट’चे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले आणि जिस्ट कार्डामुळे डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटू लागली. युनिकोडची देवनागरी इस्कीवरच बेतलेली आहे.

४/ अडचणी उरल्या आहेतच. सोलापूर जिल्ह्यातील ‘श्रीपूर’ हे नाव आपल्याला तीन अक्षरांचे दिसते. संगणकासाठी ती सात चिन्हे आहेत, यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. त्यामुळे अनेक टर्मिनलांत जोडाक्षर फुटते, कर्सर भलत्या जागी उभा राहतो. परंतु हा दोष दाखवण्याचा आहे, साठवणीचा नव्हे.

५/ म्हणून माझे आग्रहाचे मत: इतिहासाची साधने संगणकावर जतन करताना धारिकांना देवनागरी नावे द्यावीत. रोमन लिपीत ‘श्रीपूर’ कोणी ‘एच’ घालून लिहितो, कोणी गाळून. कोणी एक ‘आय’ देतो, कोणी दोन ‘ई’. एकाच गावाची कागदपत्रे अशी चार नावांखाली विखुरतात आणि टॅब कळ तिथे हतबल ठरते. प्रमाण मराठीत ‘श्रीपूर’ एकाच रीतीने लिहितात.

६/ लिनक्सवर धारिकेच्या नावाची मर्यादा सामान्यतः २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हे. गाव, विषय आणि साल लिहायला तेवढी पुरेशी आहेत. आपल्या संग्रहातील एका गावापासून आरंभ करा.