घटातील माती आणि कारखान्याची मळी

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घटस्थापना होते, तेव्हा शेतकऱ्याच्या देवघरात कलश आणि नागवेलीची पाने यांच्याही आधी मातीची पूर्वतयारी झालेली असते. आपल्याच वावरातील काळी माती आणून चाळावयाची, पत्रावळीवर किंवा वेळूच्या परडीत पसरावयाची, तीत धान्य पेरावयाचे, मध्यभागी पाण्याने भरलेला घट ठेवावयाचा आणि नऊ दिवस अंकुरांची वाट पाहावयाची, असा हा विधी आहे. अंकुर तजेलदार आले तर येणारा हंगाम बरा, पिवळे पडले तर चिंतेचे, असा कौल त्यातून घेतला जातो. श्रद्धेच्या भाषेत हा देवीचा कौल होय. शेतीच्या भाषेत ती मातीची आणि बियाण्याची परीक्षाच होय. आपल्या पूर्वजांनी एवढी साधी आणि एवढी अचूक परीक्षा एका सणात गुंफून ठेवली, ही सामान्य गोष्ट नव्हे.

याच दिवसांत अहिल्यानगर जिल्ह्यात आणखी एक पूजा होत असते. मोहट्याच्या गडावर आणि राशीनच्या यमाईपुढे भाविकांची रीघ लागलेली असतानाच, साखर कारखान्यांच्या आवारात बॉयलर अग्निप्रदीपनाचे मांडव उभे राहतात. दसऱ्याच्या आगेमागे भट्टी पेटते, काही दिवसांनी मोळी टाकली जाते आणि धुराडे वाहू लागते. घरातील घट आणि कारखान्याचा बॉयलर ही दोन्ही समृद्धीची प्रतीके आहेत. परंतु घटातील माती ज्या वावरातून येते, त्या वावराची प्रकृती आज कशी आहे, हा प्रश्न कारखान्याच्या मांडवात क्वचितच विचारला जातो. तो विचारण्यास नवरात्रासारखा दुसरा मुहूर्त नाही.

अमृतामागोमाग आलेले हलाहल

प्रवरेला आपण अमृतवाहिनी म्हणतो. समुद्रमंथनातून निघालेल्या अमृताचे वाटप मोहिनीरूप घेतलेल्या विष्णूने प्रवराकाठी केले, अशी श्रद्धा असून नेवाशाचे मोहिनीराजाचे मंदिर तिची साक्ष देत उभे आहे. त्या कथेत अमृताच्या आधी हलाहल निघाले होते, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. प्रवराकाठच्या आधुनिक मंथनातही तेच घडले.

१९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि प्रवरेचे कालवे वाहू लागले. त्याआधीच गोदावरीचे कालवे कोपरगावच्या बाजूस पोहोचले होते. दुष्काळनिवारणासाठी काढलेल्या या कालव्यांवर ऊस उभा राहिला. हरेगाव, टिळकनगर, साकरवाडी येथे खासगी कारखाने निघाले. पुढे १९५०-५१ च्या हंगामात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखान्याचे चाक फिरले आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थकारणाला नवी दिशा मिळाली. शाळा, दवाखाने, महाविद्यालये, पक्के रस्ते हे सारे या चाकाने दिले. या उपकाराची जाणीव ठेवूनच पुढील हिशेब मांडावयाचा आहे.

शंभर टन ऊस गाळला असता सुमारे दहा-अकरा टन साखर मिळते. उरते ते असे : अठ्ठावीस ते तीस टन भुसा, तीन-चार टन प्रेसमड आणि सुमारे चार टन मळी. भुशाची चिंता नाही, तो बॉयलरात जळतो आणि आता विजेच्या रूपाने पैसाही मिळवून देतो. प्रश्न मळीपासून सुरू होतो. मळीपासून मद्यार्क काढताना प्रत्येक लिटरमागे आठ ते पंधरा लिटर तांबूस-काळे, आम्लधर्मी, उग्र वासाचे पाणी उरते. त्यालाच स्पेंटवॉश म्हणतात. त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना जेवढा प्राणवायू शोषून घेते, त्याचे मान लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे शहरी सांडपाण्याच्या जवळजवळ दीडशे-दोनशे पट. असे पाणी ओढ्यात शिरले की मासे तडफडतात. ते जमिनीत मुरले की मातीची छिद्रे बुजतात, क्षार वाढतात आणि विहिरीच्या पाण्याला तांबडी झाक येते. पुराणातील हलाहल प्राशन करण्यास शंकर होता. येथे ती पाळी ओढ्याकाठच्या शेतकऱ्यावर आली.

साखरेत माती नसते

येथे एका मूलभूत गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. साखर कशाची बनते? कर्ब, उद्जन आणि प्राणवायू यांची. म्हणजे हवा, पाणी आणि सूर्यप्रकाश यांची. पोत्यात भरून बाजारात जाणाऱ्या साखरेत जमिनीचे असे जवळजवळ काहीच नसते. उसाने मुळांवाटे उचललेला पालाश, स्फुरद, चुना, गंधक हे सारे मागे राहते, आणि राहते ते नेमके आपण ज्याला टाकाऊ म्हणतो त्यातच. स्फुरद आणि चुना प्रेसमडमध्ये, पालाश मळीत आणि तेथून स्पेंटवॉशमध्ये. नत्र, स्फुरद आणि पालाश या तिघांत उसाची पालाशाची उचल मोठी असते, हे लक्षात घेतले म्हणजे कारखान्यामागच्या खड्ड्यात साचलेले काळे पाणी वस्तुतः कोणाचे धन आहे, याचा उलगडा होतो. ती वावराची ठेव आहे. शेतकऱ्याने साखर विकली, माती विकलेली नाही. तेव्हा ती ठेव परत करणे हे कारखान्याचे कर्जफेडीचे कर्तव्य ठरते.

आपल्या देशाला लागणारा पालाश जवळजवळ संपूर्णपणे परदेशांतून येतो. एकीकडे परकीय चलन मोजून पालाश आणावयाचा आणि दुसरीकडे स्वतःच्या शिवारातील पालाश ओढ्यात सोडावयाचा, याला व्यवहार कसे म्हणावे? ही विसंगती आता धोरणकर्त्यांच्याही ध्यानात आली आहे. स्पेंटवॉश आटवून भट्टीत जाळल्यानंतर उरणाऱ्या राखेपासून पालाशयुक्त खत करता येते. किमान साडेचौदा टक्के पालाश असलेल्या या खताला २०२१ पासून अनुदानाच्या योजनेतही स्थान मिळाले आहे.

दुसरा मार्ग अधिक जुना आहे. स्पेंटवॉश प्रथम बंद टाकीत आंबवून त्यातून इंधनवायू काढावयाचा आणि उरलेले पाणी प्रेसमडच्या ढिगांवर फवारून, ते वरचेवर परतून, जोमदार कंपोस्ट तयार करावयाचे. मात्र वायू काढल्याने सेंद्रिय भार घटतो, क्षार घटत नाहीत, हे विसरून चालत नाही. कंपोस्टचे अंगण पक्के नसेल किंवा ऐन पावसाळ्यात ढिगांवरून पाणी वाहून गेले, तर खत म्हणून केलेला उद्योग विहिरींवर उलटतो. खत आणि विष यांत येथे मात्रेचा, वेळेचा आणि प्रामाणिकपणाचा तेवढा फरक आहे.

पाण्याने आजारी पडलेली जमीन

कारखान्याच्या दारात सर्व दोष टाकून मोकळे होणे मात्र न्यायाचे होणार नाही. या जिल्ह्याच्या उत्तर भागातील मातीचे दुखणे कारखान्यांहून जुने आहे. जिल्ह्याची शोकांतिका दुहेरी आहे. पाथर्डी-जामखेडकडील जमीन पाण्यावाचून करपते, तर कालव्याखालची जमीन पाण्यात बुडून मरते. खोल, चिकण, काळ्या जमिनीला वारेमाप पाणी दिले की निचरा खुंटतो, भूजल वर चढते, उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर पांढरे फुटतात. अशी जमीन प्रथम पाणथळ, मग खारवट आणि शेवटी चोपण होते. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो. ओली असता ती लोण्यासारखी पसरते, वाळली की दगडासारखी घट्ट होते आणि बी उगवत नाही.

हे संकट कालव्यांच्या पहिल्या पिढीतच ओळखले गेले होते. मुंबई इलाख्याने १९१६ साली पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठी खास संशोधन विभाग काढला; खडकवासल्याच्या आजच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचे मूळ त्यातच आहे. दख्खनच्या कालव्यांखाली बिघडलेल्या जमिनींचा आणि त्यांच्या निचऱ्याचा अभ्यास इंग्लिस प्रभृती अभियंत्यांनी त्या काळीच केला. तेव्हा ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. मेसोपोटेमियाच्या पाटपाण्याच्या शेतीतही मीठ वर आल्यावर गव्हाच्या जागी जव पेरण्याची पाळी आली, असे इतिहासकार सांगतात.

आपल्या घटाकडेच पाहा. मातीचा घट पाझरतो, ओतत नाही. अंकुरांना हवे तेवढेच पाणी तो देतो. परडीत कोणी तांब्याने पाणी ओतले तर घरातील वडीलधारी बाई ताबडतोब टोकते. कारण बी कुजेल, हे तिला ठाऊक असते. देवघरात पाळला जाणारा हा नियम कालव्याच्या चारीवर मात्र मोडतो. पाळी आली की रान भरून घ्यावयाचे, ही वृत्ती तेथे शहाणपण ठरते.

उपाय ठाऊक आहेत

बिघडलेली जमीन सुधारते, हे आशादायक सत्य आहे. पण क्रम चुकता कामा नये. प्रथम बिघाडाचे मूळ थांबविले पाहिजे; मग ते गळके सांडपाण्याचे तळे असो वा अति पाणी. त्यानंतर माती आणि विहिरीचे पाणी यांची तपासणी, मग निचरा, आणि निचऱ्यानंतरच औषध. चोपण जमिनीत जिप्सम घातले की त्यातील चुन्याचा अंश सोडियमला हुसकावून लावतो. परंतु सुटलेला सोडियम वाहून जाण्यास वाट नसेल तर जिप्समचा खर्च मातीत गेला, असेच समजावे. चुनखडीच्या जमिनीत गंधक, सोबत भरपूर सेंद्रिय खत, धैंचा किंवा ताग यांचे हिरवळीचे खत, पाचट न जाळता रानातच कुजविणे आणि ठिबकने मोजके पाणी ही पुढची पथ्ये होत.

१९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात, राहुरीस आहे. त्याच्याच अखत्यारीतील सांगलीकडील कसबे डिग्रजच्या केंद्राने क्षारपड जमिनींच्या निचऱ्यावर काम केले आहे. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने पुढाकार घेऊन, शेतकऱ्यांना एकत्र करून, जमिनीखाली सच्छिद्र नळ्यांचे जाळे घातले आणि वर्षानुवर्षे पडीक असलेल्या रानांत पुन्हा ऊस उभा केला. हे काम एकट्यादुकट्याचे नाही, कारण एकाच्या रानातील पाणी दुसऱ्याच्या बांधाखालून ओढ्यापर्यंत न्यावे लागते. आणि बांधाच्या पलीकडे जाऊन विचार करण्याची सवय ज्या सहकाराने लावली, त्याच्याहून या कामास योग्य यंत्रणा कोणती?

नियंत्रित मात्रेत आणि पेरणीपूर्वी दिलेला स्पेंटवॉश चोपण जमिनीस सुधारकही ठरू शकतो, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. परंतु प्रयोगशाळेची मोजपट्टी वेगळी आणि रात्रीच्या अंधारात टँकर रिकामा करणे वेगळे. पहिल्याच्या नावावर दुसऱ्याला परवाना मिळू नये.

मौनाची किंमत

कायद्यांची वाण नाही. महाराष्ट्राचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून अस्तित्वात आहे. केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा. २००३ च्या सनदेनुसार मद्यार्क कारखान्यांनी सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडू नये, असे ठरले. राजस्थानातील बिछडी गावाची माती व विहिरी रासायनिक गाळाने नासल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावरच टाकला. जुलै २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांसाठी केंद्राने स्वतंत्र नियमही काढले. मात्र त्यांचा रोख घातक रसायनांवर आहे, पाण्याच्या अतिरेकाने क्षारपड झालेली जमीन हा त्यांचा विषय नव्हे.

मग अडते कोठे? अडते ते तक्रारीच्या पहिल्या पायरीवर. ज्याची विहीर तांबडी झाली, तो शेतकरी त्याच कारखान्याचा सभासद असतो. त्याच्या उसाला तोड तेथूनच मिळावयाची असते. मुलगा त्याच संस्थेच्या शाळेत असतो. भाऊ तेथेच कामाला असतो. तो तक्रार करील ती कोणाविरुद्ध? आपल्याच घराविरुद्ध? आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या ज्या शेतमजुराचा शेअरच नाही, त्याला तर वार्षिक सभेत उभे राहण्याचाही अधिकार नाही. सहकाराने आपलेपणा निर्माण केला. त्या आपलेपणानेच तोंडाला कुलूप घातले. २०२५ साली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने गाठला. मद्यार्काचे उत्पादन वाढत असताना हे मौन अधिक महाग पडणार आहे. शिवाय किंमत एकट्या शेजाऱ्याची नाही. प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला मिळते आणि ते पाणी नाथसागरात जाऊन मराठवाड्याची तहान भागविते. आपल्या शिवारातील क्षार आणि मैल दुसऱ्याच्या माठात पोहोचतात.

तेव्हा सूचना एकच आणि तीही साधी आहे. कारखान्याच्या वार्षिक अहवालात गाळप, उतारा आणि भाव यांच्याबरोबर चौथे पान मातीचे असावे. किती स्पेंटवॉश निघाला, त्याचे काय केले, किती कंपोस्ट आणि किती पालाश सभासदांच्या शेतांत परत गेला, परिसरातील कोणकोणत्या विहिरींचे पाणी तपासले व निष्कर्ष काय निघाला, किती एकर क्षारपड जमिनीचा निचरा झाला, हे आकडे त्यात छापावेत. तपासणी कारखान्याची नसावी, विद्यापीठाची असावी. आणि ती ऐकण्यास, सभासद असो वा नसो, ओढ्याकाठच्या प्रत्येकाला बोलावणे असावे. बॉयलरला अग्नी देण्यापूर्वी अध्यक्षांनी हे पान मोठ्याने वाचून दाखविले, तर त्या समारंभास खऱ्या अर्थाने पूजेची योग्यता येईल.

खंडेनवमीला आपण अवजारे पुसून, स्वच्छ करून पूजतो; मळलेल्या अवजाराला हळदकुंकू वाहत नाही. जमीन हे तर सर्व अवजारांचे अवजार आहे. दसऱ्याला ओलांडावयाची सीमा या वर्षी आपल्याच शिवाराची असो : स्वतःचे वावर ओलांडून खालच्या अंगाच्या शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत जावे, आणि तिचे पाणी एकदा डोळ्यांनी पाहून यावे.