चाळणी शेवटी नको, सुरुवातीला लावा



सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी सेवेतल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) बंधनकारक ठरवली. तेव्हापासून शिक्षकांच्या गुणवत्तेची सारी चर्चा या एका परीक्षेभोवती फिरते आहे. माझे म्हणणे तिच्या आधीच्या टप्प्याविषयी आहे.

2013 पासून महाराष्ट्रात टीईटी होते. आजवरच्या बहुतेक परीक्षांत उत्तीर्णांचे प्रमाण एक आकडीच राहिले. ही परीक्षा देणारी मुले डी.एड., बी.एड. करून आलेली किंवा करत असलेली. त्यातली एवढी नापास होत असतील, तर त्यांना प्रवेश कोणी दिला आणि पास कोणी केले, हे विचारायला नको का? डी.एड.चा, म्हणजे आताच्या डी.एल.एड.चा, प्रवेश आजही बारावीच्या गुणांवर होतो. जागा रिकाम्या राहत असल्याने किमान टक्केवारी असलेल्या प्रत्येकाला कुठे ना कुठे प्रवेश मिळतोच. त्याला मुलांशी बोलता येते का, भाषा आणि गणिताचा पाया पक्का आहे का, हे कोणी पाहत नाही.

मी अनेक वर्षे मुख्याध्यापिका होते. सराव पाठांसाठी छात्राध्यापक आमच्या शाळेत येत. एका मुलीने पाचवीच्या वर्गाला सांगितले की एकचतुर्थांश हा एकतृतीयांशापेक्षा मोठा, कारण त्याचा छेद मोठा. पाठ टाचण सुवाच्य होते, रंगीत तक्ताही होता. निरीक्षणाला यायचे प्राध्यापक आलेच नव्हते. निरीक्षण वहीत शेरा मात्र ‘उत्तम’ होता. त्या मुलीला मी दोष देत नाही, तिची चूक दाखवायला तिथे कोणी नव्हतेच. आणि वर्गाला न जाता घ्यायच्या ‘नॉन-अटेंडिंग’ प्रवेशाचे दर तर गावोगावी उघड बोलले जातात. तिथे पाठही घ्यावे लागत नाहीत.

हे सरकारला माहीत नाही असे नाही. महाराष्ट्रातल्या अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातूनच न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल 2012 चा. त्याच आयोगाचा दाखला देऊन 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने लिहिले की, देशातल्या दहा हजारांवर स्वतंत्र अध्यापक शिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था पैसे घेऊन पदव्या विकतात. आयोगाच्या अहवालानंतर उपाय काय, तर अभ्यासक्रमाची वर्षे वाढवणे. बी.एड. एकाचे दोन वर्षांचे झाले, शाळेतला सराव वीस आठवड्यांचा झाला. आता 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान पात्रता करायची आहे. कागदावरचा सराव चार वर्षे चालला तरी कागदावरच राहणार.

निकष वाढवले तर खेड्यातली, गरिबाघरची मुले मागे पडतील, असे काही जण म्हणतात. नुसती टक्केवारी वाढवली तर तसे होईलही, म्हणून ती वाढवू नये असेच माझे मत आहे. प्रवेशाआधी मातृभाषेतले लेखन, आठवीपर्यंतचे गणित आणि वर्गात दहा मिनिटे शिकवून दाखवणे एवढे तपासावे. त्यासाठी शहरातला क्लास लागत नाही. अंतिम पाठाचे परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातले असावेत. सरावाचे आठवडे शाळेच्या हजेरीवरून पडताळावेत. ज्या महाविद्यालयाची मुले वर्षानुवर्षे टीईटीत नापास होतात, त्याची मान्यता काढावी.

पगाराचे बोलल्याशिवाय मात्र यातले काही टिकणार नाही. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला पहिली तीन वर्षे महिना 16,000 रुपये मानधन आणि त्याआधी भरतीची वाट पाहण्यात गेलेली उमेद, हे समोर दिसत असताना हुशार मुलगा या वाटेला कशाला येईल? दर्जा मागायचा तर पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन आणि ठरलेल्या वेळी भरती द्यावीच लागेल.

शालेय शिक्षण विभागाने निदान डी.एल.एड.पुरती तरी अशी प्रवेश चाचणी पुढच्या शैक्षणिक वर्षापासून सुरू करावी आणि प्रत्येक अध्यापक विद्यालयाचा टीईटी निकाल प्रवेशाच्या वेळीच पालकांसमोर ठेवावा, ही विनंती.

— एक निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा