काट्यावरचा मोठेपणा

ब्रिटनने मुष्टियुद्धाला सर्वांत मोलाचे काय दिले, असे कुणी विचारले तर मी ‘फ्लायवेट’ असे उत्तर देईन. थोराड, आडदांड मुष्टियोद्धे जगाला अमेरिकेने पुरवले. पण आठ स्टोनांच्या, म्हणजे ११२ पौंडांच्या, म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम एक्कावन्न किलोंच्या माणसालाही सिंहासन असू शकते, हे प्रथम लंडनने मान्य केले. १९०९ साली तिथल्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबाने वजनांचे आठ गट पक्के केले, त्यांत सर्वांत खालचा हा. नाव दिले माशीचे! थट्टा असेल, परंतु या माश्यांनी पुढे अनेक बैलांहून अधिक गर्दी खेचली.

या गटात ब्रिटनचा सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद जुना आहे आणि तो नेहमी दोन नावांपाशी येऊन थांबतो: वेल्सचा जिमी वाइल्ड आणि ग्लासगोचा बेनी लिंच. बाकीचे नाव घेण्याजोगे नाहीत असे नव्हे. पीटर केनचा दणका मोठा होता. १९४३ मध्ये त्याच केनला अवघ्या ६१ सेकंदांत झोपवणारा जॅकी पॅटरसन होता. १९४८ मध्ये बेलफास्टला पॅटरसनला हरवून रिंगणातच गाणे म्हणणारा रिंटी मोनाहन होता. १९६६ मध्ये इटलीच्या बुरुनीकडून पट्टा आणणारा वॉल्टर मॅकगोवन होता, आणि १९८३ चा चार्ली मॅग्री होता. पण यांतल्या कुणासाठीही दोन शहाणी माणसे रात्रभर भांडणार नाहीत. वाइल्ड आणि लिंच यांच्यासाठी भांडतात.

मी वाइल्डच्या बाजूचा आहे. मात्र त्याच्या बाजूने सामान्यतः जे बोलले जाते ते मला मान्य नाही, आणि लिंचच्या बाजूने जे बोलले जाते त्यातले काही तर मला घातक वाटते. म्हणून हा खटाटोप.

वाइल्डच्या भक्तांचे पहिले शस्त्र म्हणजे आकडा. जत्रांतल्या तंबूंत येईल त्या गड्याशी तो लढला. त्या लढती धरून शेकडोंची बेरीज मांडली जाते. मी शाळामास्तर आहे. बेरजा तपासणे हे माझे पोटापाण्याचे काम. ज्या बेरजेतले आकडे कुणी मांडलेच नाहीत तिला मी शून्य गुण देतो. शिवाय लिंचही अशाच तंबूंतून घडला होता. तेव्हा तंबूचा हिशेब दोन्ही बाजूंनी खोडून टाकावा, हे उत्तम.

लिंचचे वकील म्हणतात, वाइल्डच्या काळी हा गट बाल्यावस्थेत होता, प्रतिस्पर्धी कच्चे होते. उलट लिंचने १९३५ मध्ये मँचेस्टरला जॅकी ब्राऊनला दोन फेऱ्यांत पुन्हापुन्हा जमिनीवर लोळवले. १९३७ च्या जानेवारीत अमेरिकेने मान्यता दिलेल्या फिलिपिनो स्मॉल मॉन्टानाला वेंब्लीवर पंधरा फेऱ्यांत हरवून, कित्येक वर्षे दुभंगलेले विजेतेपद एक केले. आणि त्याच ऑक्टोबरात ग्लासगोच्या शॉफिल्ड पार्कवर चाळीस हजारांच्या आसपास माणसांसमोर, तोवर अजिंक्य असलेल्या केनला तेराव्या फेरीत गारद केले. हा युक्तिवाद वजनदार आहे, आणि मी तो टाळणार नाही. मॉन्टानाशी लढलेला लिंच हा बचाव, चाल, ठोसा या तिन्ही अंगांनी परिपूर्ण होता. वाइल्ड तसा नव्हता. हात कमरेपाशी, धड मागे झुकलेले, ठोसा कुठून येईल याचा नेम नाही. कोणत्याही तालमीतल्या वस्तादाने त्याला पहिल्याच दिवशी घरी पाठवले असते.

मग मी वाइल्डला वर का ठेवतो? कारण प्रश्न ‘उत्तम मुष्टियोद्धा कोण’ हा नाही. प्रश्न ‘या वजनगटात श्रेष्ठ कोण’ हा आहे. वजनगटाच्या लढतीत काटा हाही एक पंच असतो, आणि तो घंटेच्या आधी निकाल देऊ लागतो. ११२ ची मर्यादा असताना वाइल्ड भरे शंभराच्या थोडा इकडे-तिकडे. १०८ च्या वर क्वचितच. म्हणजे सर्वांत लहान माणसांसाठी केलेल्या गटातही तो लहान होता. जवळजवळ प्रत्येक लढतीत त्याने समोरच्याला वजनाचे दान दिले, आणि ते दान देऊन त्यांना आडवे केले. १९१५ मध्ये टॅन्सी लीने त्याला हरवले, तर पुढच्याच वर्षी त्याने लीला हरवून उट्टे काढले. त्याच १९१६ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या यंग झुलू किडला हरवून तो जगज्जेता झाला. १९१८ मध्ये दोन गट वरच्या, फेदरवेटच्या जो कॉनला त्याने बाराव्या फेरीत संपवले. जे प्रतिस्पर्धी कच्चे म्हणून हिणवले जातात, त्यांतला प्रत्येक जण त्याच्याहून जड होता, ही गोष्ट वकीलमंडळी सोयीस्करपणे गाळतात. त्याचे पराभवही पाहा. १९२१ मध्ये पीट हर्मनने त्याला सतराव्या फेरीत नमवले. पण हर्मन एक गट वरचा, बँटमवेटचा, नुकताच पायउतार झालेला जगज्जेता होता.

लिंचचे काय झाले? १९३८ च्या जूनमध्ये पेझ्लीला जॅकी जुरिचविरुद्ध तो काट्यावर चढला तेव्हा साडेसहा पौंड जास्त भरला. विजेतेपद तिथेच गेले. नंतर त्याने जुरिचला बाराव्या फेरीत बाद केले खरे. पण गेलेला मुकुट त्याने परत येत नाही. एकाला हा गट अखेरपर्यंत सैल पडला, दुसऱ्याला पंचविशीतच तो मावेना. माझ्या मते वादाचा निकाल इथेच लागतो.

आता घातक युक्तिवादाकडे वळतो. लिंचबद्दल बोलताना माणसे शॉफिल्ड पार्कपाशी थांबत नाहीत. ती दारूच्या गुत्त्यापर्यंत जातात. १९४६ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, व्यसनाने आणि अन्नावाचून खंगलेल्या देहाने तो मेला, हे सांगताना त्यांचा स्वर भिजतो आणि मग हळूच निष्कर्ष येतो: म्हणून तो मोठा! हे ‘म्हणून’ मला साफ नामंजूर आहे. त्याच्या मरणाने त्याच्या डाव्या हाताची धार एका रेषेनेही वाढत नाही.

हा रोग मुष्टियुद्धापुरता नाही. मी कादंबऱ्या लिहितो; आमच्या धंद्यात तो जुनाट आहे. नायक खोकत खोकत, पीत पीत, उपाशी मेला की वाचक त्याला प्रतिभावंत समजतो, आणि आम्ही लेखक त्या समजुतीवर आवृत्त्या खपवतो. वर्गात माझ्यासमोर पोरे बसतात, त्यांतली काही ज्या घरांतून येतात तिथे बाटलीचा कवडीइतकाही महिमा नाही. त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू, की विनाश हा गुणवत्तेचा दाखला असतो? ग्लासगोच्या गोर्बल्स वस्तीतून वर आलेल्या पोराच्या पुढ्यात जे लोक पेला सरकवत होते, त्यांनीच पुढे त्याची शोकांतिका रंगवली असेल, तर त्यात त्यांचा स्वार्थ उघड आहे. ‘अलौकिक माणसे अशीच जळतात’ असे म्हटले की पेला कुणी भरला हे कुणी विचारत नाही.

आणि करुणेनेच तोलायचे असेल, तर वाइल्डचे पारडे तरी कुठे हलके आहे? पोरवयात तो कोळशाच्या खाणीत राबला. १९२३ च्या जूनमध्ये, एकतीस वर्षांचा असताना, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर फिलिपिनो पांचो व्हिलाने त्याला सातव्या फेरीपर्यंत असे बडवले की पुन्हा तो रिंगणात उतरला नाही. म्हातारपणी कार्डिफच्या रेल्वे स्थानकावर त्याला गुंडांनी मारहाण केली, त्यातून तो सावरला नाही आणि १९६९ मध्ये वारला. दया हवी तर ती दोघांनाही पुरेल एवढी आहे. पण दया हा काटा नव्हे.

एवढेच लक्षात असू द्या, की या गटाला माणसे पुरवली ती खाणींच्या दऱ्यांनी आणि चाळवजा वस्त्यांनी. लहानपणी नीट पोसलेली शरीरे पुढे आठ स्टोनांत सहसा बसत नाहीत. पुष्कळांच्या बाबतीत हा गट क्लबाच्या नियमाने भरण्याआधी भुकेनेच भरला होता. अशा माणसांनी जे मिळवले ते त्यांच्या दोन हातांच्या बळावर मिळवले. त्याचा हिशेब हातांवरूनच व्हावा. त्या हिशेबाने पहिला वाइल्ड, दुसरा लिंच, आणि दोघांतले अंतर फार थोडे. लिंचला ज्याला पहिला करायचे असेल त्याने खुशाल करावे. फक्त पुरावा रिंगणातून आणावा, स्मशानातून नव्हे.