गूगलच्या यादीत आपला इतिहास मागे का?

गूगलवर ‘वर्धा’ टाका. सेवाग्राम येते, बापूकुटी येते, पवनार आणि विनोबा येतात. मे 1936 च्या सुरुवातीला बाबासाहेब गांधींना भेटायला इथल्या शेगावला आले होते, हे मात्र त्यात सहज दिसत नाही. (हेच शेगाव पुढे सेवाग्राम झाले.) ते शोधायचे तर आधीच माहीत असावे लागते. ज्याला माहीत नाही, त्या अकरावीतल्या मुलीने काय करायचे?

आपले कार्यकर्ते यावर एका वाक्यात निकाल देतात : गूगल मनुवादी आहे. आम्हाला हे उत्तर अपुरे वाटते. ते बरोबर मानले तरी आपल्या हातात शिव्या देण्यापलीकडे काही उरत नाही. त्यापेक्षा ही यंत्रणा चालते कशी ते पाहू.

सर्च इंजिनचा ‘क्रॉलर’ नावाचा प्रोग्राम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात राहतो. ज्या पानाकडे कुठूनच लिंक येत नाही, ते त्याला सहसा सापडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये तर त्याला प्रवेशच नाही. आणि आपण आपली भाषणे, सभांचे वृत्तांत, अत्याचाराच्या प्रकरणांच्या नोंदी कुठे टाकतो? त्याच ग्रुपमध्ये. चार दिवसांत ते सगळे शुभेच्छांच्या फोटोंखाली गाडले जाते.

सापडलेल्या पानांची मग सूची बनते. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच : शब्द, आणि तो कोणकोणत्या पानांवर आहे. म्हणजे पानावर आधी शब्द हवा. आपण टाकतो तो शब्दांचा फोटो. यंत्र फोटोतली अक्षरे ओळखायचा प्रयत्न करते, पण जुन्या छपाईतली जोडाक्षरे आणि पुसट कागद आला की चुकते. जुन्या डीटीपी फाँटमधली स्मरणिका युनिकोडमध्ये न बदलता चढवली, तर यंत्राला तिथे मराठी दिसतच नाही, इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. शिवाय आपले शुद्धलेखन! ‘बौद्ध’ आणि ‘बौध्द’ हे संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द आहेत. इंजिन काही चुका सावरून घेते, पण सगळ्या नाही.

खरा वाद क्रमवारीचा आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये स्टॅनफर्डला मांडलेल्या ‘पेजरँक’ची कल्पना अशी, की एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे जणू एक मत. मात्र सगळ्या मतांचे वजन सारखे नाही. ज्याला आधीच खूप लिंक मिळाल्या आहेत, त्याचे मत जड. आज क्रमवारीत इतरही अनेक गोष्टी मोजल्या जातात, पण हा पाया टिकून आहे. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या समान मतमूल्याची आणि समाजातल्या विषमतेची विसंगती दाखवली होती. इथे तर मतमूल्यच समान नाही. विद्यापीठे, मोठी वृत्तपत्रे, सरकारी खाती एकमेकांना लिंक देतात, आणि तिथे कोण बसले आहे हे सांगायची गरज नाही. यंत्राला जात कळत नसेल. जातीने घडवलेली प्रतिष्ठा ते बरोबर मोजते. काळ्या मुलींविषयी शोध घेतल्यावर अश्लील पाने वर येत, हे सफिया नोबल यांनी 2018 च्या आपल्या पुस्तकात दाखवले, तेही याच जातीचे दुखणे.

पण म्हणून हात टेकायचे का? लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने परिषद रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. तोही मे 1936 चाच महिना. आज ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ शोधले की पूर्ण मजकूर मिळतो, कारण कोलंबिया विद्यापीठात फ्रान्सिस प्रिचेट यांनी तो वाचता येईल, शोधता येईल अशा रूपात ठेवला आणि जगभरातून त्याला लिंक मिळत गेल्या. आपल्या वर्ध्यातल्या हिंदी विद्यापीठाने ‘हिंदी समय’वर कितीतरी हिंदी साहित्य असेच टाइप केलेल्या मजकुराच्या रूपात ठेवले आहे. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’च्या मराठीला मात्र आपण अजून स्कॅनमध्येच फिरवतो. बाबासाहेबांची मराठी, आणि तीच शोधात सापडू नये!

दोष व्यवस्थेचा आहेच. पण टायपिंग आपल्याला कुणी बंद केलेले नाही. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी इथल्या ज्या विहारांत जुन्या स्मरणिका कपाटात पडून आहेत, तिथल्या दोन-तीन मुलांनी रोज एक पान युनिकोडमध्ये उतरवावे. ते फेसबुकवर न टाकता स्वतःच्या ब्लॉगवर टाकावे. शीर्षकात ‘जय भीम’ एवढेच न लिहिता गाव, तालुका, वर्ष आणि प्रसंग लिहावा. दुसऱ्या तालुक्यातल्या ब्लॉगची लिंक आपल्या पानावर द्यावी, गट वेगळा असला तरी. इथेच आपले घोडे अडेल, हे आम्हाला ठाऊक आहे. रिपब्लिकन पक्षाचे जेवढे तुकडे, तेवढे आपले ब्लॉग, आणि एकही दुसऱ्याचे नाव घेत नाही. क्रॉलरला आपले गटतट माहीत नाहीत. लिंक नसेल, तर तो तिथूनच परत फिरतो.