मार्कंड्याच्या जत्रेत एक ससा हवा

महाशिवरात्रीला गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्यात पाय ठेवायला जागा नसते. उत्तरवाहिनी वैनगंगेत बुडी मारायची, महादेवाचं दर्शन घ्यायचं आणि मग जत्रेत हिंडायचं. या जत्रेत आरोग्य खात्याने एक टेबल मांडावं आणि त्यावर एक ससा ठेवावा.

हा ससा दिसत नाही. १९७२ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात फ्रँक गेल्डार्ड आणि कार्ल शेरिक यांनी त्याची नोंद केली. मनगट, कोपर आणि त्यांच्या मधली एक जागा, अशा तीन ठिकाणी यंत्राने भराभर पाच-पाच बारीक ठोके द्यायचे. ठोके पडतात तीनच जागी. पण माणसाला वाटतं, मनगटापासून कोपरापर्यंत ससा टुणटुण उड्या मारत गेला. जिथे काही टेकलंच नाही, तिथेही त्याचे पाय उमटतात.

इतके जलद ठोके म्हणजे एकच वस्तू पुढे सरकते आहे, असा हिशेब मेंदू करून टाकत असावा. २००६ मध्ये लंडनच्या संशोधकांनी मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा ठोका न पडलेल्या जागेशी जोडलेला मेंदूचा भागही जागा झालेला दिसला. माणूस थाप मारत नव्हता. थाप मेंदूची होती.

पण मेंदूला थाप मारायलाही कातडीकडून खरी खबर लागते. चंद्रपूर-गडचिरोलीत हे जास्त कळायला हवं. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं, तरी हा रोग इथून गेलेला नाही. तो नसांवर घाला घालतो. फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा उठतो. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. चुलीचा चटका बसला तरी फोड दिसेपर्यंत पत्ता नसतो.

घरी तपासणीला कुणी आलं की लाजेने बाही खाली ओढली जाते. सशासाठी तीच बाही हौसेने वर जाईल. एवढंच त्याचं काम. रोगाचं निदान ससा करणार नाही. त्यासाठी शेजारी कापसाचा बोळा किंवा पेनचं टोक घेऊन जाणता कर्मचारी बसलेला हवा, आणि आडोसाही हवा.

कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. प्रकारानुसार ती सहा किंवा बारा महिने घ्यावी लागतात.